जाळीच्या बाह्या

रोज सकाळी लतीफचाचांच्या दुकानाचं शटर अर्धं वर गेलं, की सुलक्षणा पायरीवर येऊन उभी राहायची. डाव्या हाताच्या पाठीवर फाउंडेशनचा एक ठिपका लावून आणलेला असायचा. तो हात ती उन्हात धरायची, असा वळवायची, तसा वळवायची, डोळे बारीक करून बघायची. मग स्वतःशीच निकाल द्यायची, "राखेवानी दिसतोय," नाहीतर, "हा बसला." ट्यूबलाइटखाली बघितलेल्या रंगावर तिचा विश्वास नव्हता. आपल्याकडची लग्नं मांडवात लागतात, मांडवाच्या कापडातून ऊन गाळून खाली येतं, आणि त्या उन्हात तोंड एका रंगाचं आणि मान दुसऱ्या रंगाची दिसली की फोटो जन्माचे बिघडतात, असं ती म्हणायची.

तोवर आतून झाडत झाडत अम्रीन दारापर्यंत आलेली असायची. अम्रीन लतीफचाचांची धाकटी मुलगी. भोरच्या पेठेतलं त्यांचं दुकान बांगड्यांचं, पण बांगड्यांच्या मागच्या भिंतीला टिकल्या, पिना, मेंदीचे कोन, पावडरी, ब्रश असं सगळं लटकलेलं. बी.ए. झाल्यावर अम्रीन दुकानात बसायला लागली आणि बघता बघता सुलक्षणाच्या हाताखालीही तयार झाली. लग्नसराईत नवरीचा अंबाडा अम्रीन घालायची, चेहरा सुलक्षणा करायची. वयानं मोठी म्हणून अम्रीन तिला सुलाताई म्हणे, आणि ती अम्रीनला अम्मू.

सुलक्षणा मूळची हिर्डोशीची. वरंधा घाटाकडच्या त्या गावाला एसटी पाहुण्यासारखी, आली तर आली. कॉलेजसाठी ती भोरात खोली घेऊन राहिली आणि कॉलेज संपलं तरी खोली सोडली नाही. पुण्यात जाऊन एक छोटा कोर्स केला, बाकीचं मोबाईलवर बघून आणि चुकत चुकत शिकली. गावी आई साळूबाई आणि धाकटा भाऊ गोरख भात-नाचणी बघायचे. लेक लोकांची तोंडं रंगवते हे सांगायची साळूबाईला आधी लाज वाटे. पुढं भावकीतल्या एका मुलीला सुलक्षणानं असं सजवलं, की नवऱ्याकडच्या बायका एकमेकींना विचारायला लागल्या, ही पोरगी खरंच भाताच्या खाचरात उतरते का. त्या दिवसापासून साळूबाई आपणहून लेकीचा विषय काढू लागली.

ब्रश घेताना तिला बघावं. डबीवरचं नाव ती वाचतच नसे. केस चिमटीत धरून हलकेच ओढायची, गळले तर ब्रश परत डब्यात. मग मनगटाच्या आतल्या बाजूवर फिरवायची. इथं टोचला तर पापणीवर टोचणारच. केस आणि दांडा जिथं जुळतात तिथली पत्र्याची पट्टी हलवून कानाशी धरायची. महागडा संच तिनं कधी घेतला नाही. अख्खा संच घेऊन त्यातले निम्मे काय देव्हाऱ्यात पुजायचे, असं विचारायची. काजळाची रेघ ओढायला तिच्याकडं शाळेच्या दुकानातला चित्रकलेचा बारीक ब्रश होता, ब्लेडनं कातरून आणखी बारीक केलेला. आणि सुट्टी पावडर मारायला होता चक्क दाढीचा ब्रश. नवाकोरा, मऊ, मुठीत बसणारा. पहिल्यांदा तिनं तो मागितला तेव्हा लतीफचाचांनी चष्मा वर सरकवून विचारलं होतं, "कुठल्या नवरीला दाढी आलीय गं?"

"आली तर तुमच्याकडंच पाठविते, चाचा," ती म्हणाली होती, आणि ब्रश मनगटावर फिरवून बघत राहिली होती.

दर सराईची फॅशन ती आधी स्वतःच्या अंगावर घालून बघायची. एका वर्षी फुग्याच्या बाह्या आल्या, तर तिनं आईच्या जुन्या इरकलीतून ब्लाऊज बेतलं. एका वर्षी फिकट रंगांची लाट आली. मोरपंखी आणि लालभडक नेसणाऱ्या गावांत बदामी नि पिस्ता रंगाच्या साड्या दिसायला लागल्या. तेव्हा तिनं अम्रीनचा जुना दुपट्टा घेतला, त्याला कडेनं टिकल्या लावल्या आणि तोच शेला म्हणून मिरवला. पुण्याच्या दुकानातली गोष्ट पेठेत मिळेल अशी करून दाखवणं हीच तिची जाहिरात. मुली तिला रस्त्यात थांबवून विचारायच्या, सुलाताई, हे कुठनं घेतलं. ती खरं सांगायची, आणि मुलींना ते खोटं वाटायचं.

मग एका हिवाळ्यात, हाताच्या पाठीवर जिथं ती रोज ठिपका लावायची, तिथं एक पांढुरका डाग दिसला. तिला वाटलं, क्रीम बाधलं. तिनं क्रीम बदललं. डाग वाढत गेला, त्याला शेजारी मिळाले, मग उजव्या हाताच्या बोटांची टोकं फिकी पडत चालली. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, कोड आहे. कुणाला लागत नाही, दुखत नाही, औषधाला वेळ लागतो, थांबेल किंवा पसरेल, आज सांगता येत नाही. हे सगळं तिनं फक्त अम्रीनला सांगितलं, तेही त्याच पायरीवर उभं राहून. हात उन्हात धरला, बराच वेळ बघितला आणि म्हणाली, "ह्या रंगाची शेड माझ्याकडं न्हाई, अम्मू."

अम्रीननं दुकानातून फाउंडेशनची एक छोटी डबी आणून दिली, जरा गडद रंगाची. पैसे घेतले नाहीत एवढंच.

त्या सराईला सुलक्षणाच्या बाह्या लांब झाल्या. बारीक जाळीच्या, अंगठ्यापर्यंत उतरणाऱ्या, कडेला एक मोत्याची ओळ. गावातल्या उन्हाळ्यात असल्या बाह्या कोण घालतं? पण सुलाताईनं घातल्या म्हणजे पुण्यात आल्या असणार. पंधरवड्यात कॉलेजच्या मुली शिंप्याकडं जाळी घेऊन रांग लावायला लागल्या. पेठेतली काळी आणि सोनेरी जाळी संपली, लतीफचाचांनी पुण्याहून ठाण मागवलं तेही गेलं. एका दुपारी दुकानासमोरून चार मुली गेल्या, चौघींच्या हातांवर त्याच बाह्या. सुलक्षणा हसायला लागली. अम्रीनही हसली. अम्रीनचं हसून झालं तरी तिचं चाललंच होतं, आणि मग अम्रीनला तिच्याकडं बघवेना.

बाह्या मनगट झाकत. बोटं झाकायला रंगच लागे. लग्नाच्या दिवशी पहाटे अम्रीन तिच्या खोलीवर जायची. डावा हात सुलक्षणा स्वतः करायची, उजवा अम्रीन करायची. एकेका बोटाला रंग, वर पावडर, पेरांच्या सुरकुत्यांत जरा जास्त. सगळं इतकं बेमालूम बसे, की अम्रीनच्या मनात यायचं, नवरीचं तोंड झाकायला अर्धा तालुका हिला बोलावतो आणि हिचे दोन हात झाकायला मी एकटी.

पालीचं लग्न वैशाखातलं. राजगडाच्या पायथ्याची पाली, मुलीचं दारातलं लग्न, नवरदेव भाटघरचा. आपल्याकडची रीत अशी की हळद आधी नवऱ्याला लागते, आणि त्याची उष्टी हळद मग नवरीकडं येते. ती लागल्याशिवाय नवरीला शालू नेसवत नाहीत. सुलक्षणाला ही रीत पाठ होती. हळद लागून, धुऊन, तोंड सुकल्यावरच ती ब्रश काढायची, कारण हळदीवर बसवलेला रंग तासाभरात पिवळा पडतो. पण त्या दिवशी हळद आणणारा टेम्पो मार्गासनीजवळ पंक्चर झाला. फोन आला, निघालोच, येतोच. मुहूर्त जवळ येत चालला. शेवटी घरच्यांनीच सांगितलं, तू कर सुरू, हळद आली की नावाला टेकवू.

नवरी मोबाईलवरचा फोटो घेऊन बसली होती. फिकट साडी, साधा अंबाडा, त्यात बारीक पांढरी फुलं. तिची आत्या फुलाबाई कमरेवर हात ठेवून बघत होती. अख्ख्या मांडवात तिचाच आवाज. अंबाड्यात कापूस का कोंबताय, आमच्याकडं काय गजऱ्याचा दुष्काळ पडलाय का, असं ती विचारत होती आणि बायका खिदळत होत्या. नवरी हट्टाला पेटली होती. सुलक्षणानं दोघींचं राखलं; फुलं पांढरी, पण वरून एक वळसा मोगऱ्याचा. फुलाबाई खूश झाली. सुलक्षणानं चेहरा असा केला होता, की मुलीच्या गालावरचा कांजिण्यांचा जुना व्रणही गालाचाच वाटावा.

आणि तेव्हा हळद आली. वाजत गाजत, परातीत, आंब्याच्या पानांसकट. फुलाबाईनं ठरल्याप्रमाणं पान बुडवून नवरीच्या पायाला, कोपराला आणि कानामागं टेकवलं. तोंड वाचलं. सुलक्षणानं सुस्कारा सोडला. पण परातीत एवढी हळद उरली होती, आणि उरलेली हळद बायका कधी वाया घालवतात? एकमेकींच्या गालांना, हातांना फासाफाशी सुरू झाली. फुलाबाईची नजर सुलक्षणावर गेली. तिशीला टेकलेली, बिनलग्नाची पोर. फुलाबाईनं तिचे दोन्ही हात पकडले, बाह्या कोपरापर्यंत सारल्या आणि ओंजळभर हळद चोळली.

"लोकांच्याच पोरी किती नटवशील? औंदा तुजा बी बार उडवून टाकू."

सगळ्या हसल्या. सुलक्षणाही लाजून हसली. नवरीची उरलेली हळद लागली की लग्न ठरतं म्हणतात. अम्रीन अजून सांगते, सुलाताईला तसं लाजताना तिनं त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

आता शालू नेसवायचा होता. हळदीच्या हातानं शालूला हात लावला तर डाग कायमचा. सुलक्षणानं इतक्या लग्नांत जे केलं तेच केलं. खोबरेल तेल तळहातावर घेतलं, दोन्ही हात कोपरापर्यंत चोळले आणि रुमालानं खसाखसा पुसले. तेलानं हळद निघते. तेलानं सगळंच निघतं. हे तिच्याइतकं दुसऱ्या कुणाला माहीत नव्हतं, पण हात आपले काम करत होते आणि तिचं लक्ष शालूच्या निऱ्यांकडं होतं.

अम्रीननं बघितलं. तिच्या ओठांत पिना होत्या, दोन्ही हात नवरीच्या अंबाड्यात होते, वळसा सोडला असता तर सगळे केस खाली आले असते. तिनं नाकातून काहीतरी आवाज काढला. सुलक्षणा म्हणाली, थांब गं, आलेच. आणि शालूची घडी उचलायला हात पुढं केला.

पांढऱ्यावर हळदीचा थोडा रंग राहतो. त्यामुळं ते डाग लपायच्या ऐवजी उठून दिसत होते.

हसणं एकदम थांबलं नाही. या कोपऱ्यातलं थांबलं, मग त्या. फुलाबाईनं स्वतःचे दोन्ही तळहात वर करून बघितले. वाईट ती नव्हती. वाईट असती तर अम्रीनला सोपं गेलं असतं. ती हळू आवाजात म्हणाली, "बाय, तुजं झालं आसंल तर तू जेवून घे." शालू तिनं अलगद काढून घेतला आणि दुसऱ्या बाईकडं दिला.

अम्रीननं पिना थुंकल्या. हे लागणारं नाही, डॉक्टरांनी लिहून दिलंय, मी सगळी सराई हे हात धरतेय, माझे बघा, असं ती सांगत सुटली आणि आपले हात एकेकीपुढं करत गेली. बायका तिचं ऐकत होत्या, मानाही हलवत होत्या. व्हय की, म्हणत होत्या. आणि एकेक जण मागं सरत होती. नवरी आरशातून सुलक्षणाकडं बघत होती, तिचे डोळे भरून आले होते, पण त्या घडीला नवरीला तोंड कुठलं असतं? सुलक्षणानं तिला एवढंच सांगितलं की रडू नको, काजळ उतरेल.

मग फुलाबाई नवरीला दंडाला धरून न्हाणीत घेऊन गेली. दार लागलं. आतून पाणी ओतल्याचा आवाज आला, मग साबणाचा, मग तोंड खसखस घासण्याचा. अम्रीनला वाटलं आता सुलाताई उठेल, भांडेल किंवा निघून तरी जाईल. ती उठली, न्हाणीच्या दाराशी गेली आणि दाराला तोंड लावून म्हणाली, "आत्या, पाण्यानं निघायचं न्हाई ते. आधी तेल लावा, न्हाईतर कातडी सोलंल तिची."

आतला आवाज क्षणभर थांबला. नंतर पुन्हा सुरू झाला, जरा सावकाश.

जेवायला दोघींना ओट्यावर पानं मांडून दिली. वाढायला कुणाची कसर नव्हती, लापशीवर तूपसुद्धा होतं. सुलक्षणा सगळं जेवली. टाकलं तर त्यांना वाटेल रागावले, असं म्हणाली.

या भागात एसटी पोचायच्या आत बातमी पोचते. बोलावणी मोडायला लागली, पण कुणी तोंडावर नाही म्हणालं नाही. कुणाचं लग्न पुढं गेलं, कुणी म्हणालं घरातलीच पोरगी करणार आहे. पुढं गेलेल्या लग्नाचे फोटो ठरल्या तारखेलाच मोबाईलवर दिसायचे. अम्रीन दुकानात येणाऱ्या प्रत्येक बाईला समजावून सांगायची. बायका शांतपणे ऐकायच्या, टिकल्यांचं पाकीट घ्यायच्या आणि जाताना विचारायच्या, ती हितल्या बांगड्यांना हात लावती का गं?

लतीफचाचा सुलक्षणाला एका शब्दानं काही बोलले नाहीत. ती पायरीवर आली की ते नेहमीसारखे चष्मा वर करायचे, आज कुठला रंग विचारायचे. पण ती उभी असेपर्यंत पेठेतल्या बायका समोरच्या दुकानात चढायच्या, हे तिघांनाही दिसत होतं. अम्रीननं एकदा अब्बांना विचारलं, काहीच करता येणार नाही का. ते बांगड्यांची पेटी पुसत राहिले. म्हणाले, "बेटा, गिऱ्हाइकाचा पाय मी कसा धरून ठेवू?" त्यांना सांगावं लागलं नाही. एका सकाळी शटर वर गेलं आणि पायरीवर नुसतं ऊन होतं.

अम्रीन खोलीवर गेली तर सुलक्षणा आखूड बाह्यांचा ड्रेस घालून तांदूळ निवडत बसली होती. आता कुणापासून लपवायचं, म्हणाली. बाहेर पेठेत मुलींच्या अंगावर जाळीच्या बाह्या अजून होत्याच.

जेठ सरता सरता साळूबाई गोरखला घेऊन भोरला आली. गोरखची सोयरीक वेल्ह्याकडं जमली होती, सुपारी फुटली होती. मुलीकडच्यांनी आता माणसं पाठवून विचारलं होतं, घरात काय आहे म्हणून. साळूबाई शिव्या द्यायला आली नव्हती, त्यामुळं तिच्यापुढं बोलायची सोयच नव्हती. लेकीचे दोन्ही हात मांडीवर घेऊन ती बसली, त्यांवरून हात फिरवत राहिली आणि म्हणाली, "म्या तुजी आय हाय, मला कसली आलीय शिसारी. पर त्या पोराचं मोडलं तर परत जुळायचं न्हाई. लगीन हुईस्तवर सिन्नरला मावशीकडं ऱ्हा. नंतर म्या सोता आणाया येती."

गोरख दारात उभा होता. लहानपणी त्याला कडेवर घेऊन सुलक्षणा ओढा ओलांडायची. त्यानं काहीतरी बोलावं म्हणून अम्रीन त्याच्याकडं टक लावून बघत होती. तो म्हणाला, "आक्का, तू म्हणशील तर म्या मोडतो."

हे त्यानं मनापासून म्हटलं होतं, म्हणूनच सुलक्षणाला 'मोड' म्हणता येईना. तिनं विचारलं, वहिनीचा मेकअप कोण करणार. शिरवळची कुणीतरी बोलावलीय, साळूबाई म्हणाली. त्यावर सुलक्षणानं एवढंच सांगितलं, की मुलगी सावळी आहे, फोटो बघितलाय मी, तिला गोरी करू नका म्हणावं, मान वेगळी दिसेल.

लग्न झालं. करवली म्हणून चुलत बहीण उभी राहिली. साळूबाई आणायला जाणार होती. मग सून नवी होती, मग सुनेचे आईवडील यायचे होते, मग बारसं आलं. सिन्नरला सुलक्षणा एका कंपनीत खोकी भरते, तिथं सगळ्यांनाच हातमोजे असतात. फोनवर अम्रीनला ती खुशाली सांगते, औषध चालू आहे म्हणते. मध्ये एकदा डाग थांबलेत म्हणाली, नंतर त्या विषयावर बोललीच नाही. अम्रीन विचारते, येतेस कधी, आणि दोघी मिळून दुसरं काहीतरी बोलायला लागतात.

सुलक्षणा सिन्नरला गेली तो दिवस आषाढातला होता. भोरच्या स्टँडवर चिखल झाला होता, स्वारगेटची गाडी लागलेली होती. अब्बा नमाजला गेले असताना अम्रीन दुकान तसंच टाकून धावत आली होती. सुलक्षणा खिडकीशी बसली होती, मांडीवर पिशवी, शेजारी गोरख. अम्रीनला वाटेत पुष्कळ सुचलं होतं. खिडकीखाली उभं राहिल्यावर ती नुसती गज धरून राहिली. मावशीचा पत्ता दे, तिनं विचारलं, तो तिच्याकडं आधीच होता. डबा घेतलास का विचारलं. घेतला होता. कंडक्टरनं दार ओढलं, घंटी मारली, गाडी थरथरायला लागली. सुलक्षणानं गजावरचे तिचे हात बघितले आणि ते हळूच सोडवले.

"दुकानात कोन हाय मग? जा, गिऱ्हाईक माघारी जाईल."